बार्जचा सुपूर्तदार

आरे-वारेच्या समोर, बार्जवरून
२० एप्रिल २०२५

चि. स्नेहल,
जय भीम.

माझं पत्र बघून दचकू नकोस. इथे फोनला रेंज नाही, मधे डोंगर येतो. त्यातून डिझेल संपल्यापासून जनरेटर बंद, म्हणजे फोन असून नसल्यासारखा. काशीराम नावाचे होडीवाले दर चौथ्या दिवशी पाणी आणि शिधा आणून देतात, त्यांच्याच हाती हे पत्र देतो आहे.

फेब्रुवारीत मी इथे वॉचमन म्हणून लागलो तेव्हा बार्जवर सात माणसं होती. आता ती नाहीत. पाच तारखेला सरकारी लोक लाँच घेऊन आले. बार्जच्या पोटातल्या खणात कागद नसलेलं तेल सापडलं. पिंपं उतरवून नेली, कप्तानाला आणि त्याच्या माणसांना नेलं आणि बार्ज जप्त केली. राहिलो आम्ही दोघे वॉचमन, मी आणि आपला संगमेश्वरचा केरू. पंचनामा झाल्यावर एका कागदावर सही हवी होती. केरूला सही येत नाही. साहेब म्हणाले, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्ही करा. मी केली. काशीराम किनाऱ्यावरून मालकाला फोन लावतात, तो त्या दिवसापासून बंद लागतो.

त्या कागदाची नक्कल सोबत पाठवतो. त्यात मला ‘सुपूर्तदार’ म्हटलं आहे. मुंबईत तीस वर्षं वॉचमनकी केली, पण हा शब्द पहिल्यांदा वाचला. तू ज्या वकिलांकडे कामाला आहेस त्या मृणाली मॅडमना विचार, याचा अर्थ काय आणि सुपूर्तदाराने घरी कधी जायचं.

चौदा एप्रिल इथेच साजरी केली. गुळाचा भात केला. केरू म्हणाला, सखारामदादा, एवढ्या पाण्यात जयंती करणारे आपण दोघंच असू. तुझ्या आईला सांग, दोघं आहोत, काळजी नाही.

तुझा,
बाबा


देवरुख
२४ एप्रिल २०२५

ती. बाबा,
जय भीम.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी चष्मा काढून ठेवला, तेव्हाच मला भीती वाटली.

सुपूर्तदार म्हणजे जप्त केलेली वस्तू ज्याच्या हवाली करतात तो माणूस. एखाद्याची गाय जप्त झाली की शेजाऱ्याच्या गोठ्यात बांधतात आणि त्याची सही घेतात, तसंच. फक्त तुमच्या गोठ्यात त्यांनी आख्खी बार्ज बांधली आहे. कोर्ट मागेल तेव्हा ती जशीच्या तशी हजर करीन, अशी हमी तुमच्या सहीवर लिहिलेली आहे. कोर्ट तुम्हाला मोकळं करीपर्यंत ती तुमच्या ताब्यात. घरी कधी जायचं ते त्यात कुठेच लिहिलेलं नाही.

मॅडम म्हणतात, अर्ज करता येईल. मालक बार्ज टाकून गेला आहे, ती सांभाळायला तेल नाही, माणसं नाहीत, तेव्हा ती दुसऱ्या कुणाच्या हवाली करा, असा. वकीलपत्र पाठवते आहे, फुली केली आहे तिथे सही करा. आणि मला खरंखरं कळवा: आत पाणी येतं का? नांगर किती आहेत? पोहता न येणारा माणूस तिथे आहे, हे त्या साहेबांना कुणी सांगितलं होतं का?

एक जूनपासून मासेमारी बंद होते. त्याआधी सगळ्या होड्या वर ओढतात. काशीरामकाकांचीही ओढतील. मग तुम्हाला पाणी कोण देणार, बाबा?

आईला मी एवढंच सांगितलंय की ड्यूटी लांबली आहे. ती विचारते, मच्छी खाता की नुसता भात.

स्नेहल


बार्जवरून
२९ एप्रिल २०२५

चि. स्नेहल,
जय भीम.

वकीलपत्रावर सही केली आहे. करताना हात थोडा थांबला, पण तू पाठवलेला कागद म्हणून केली.

पाण्याचं विचारलंस. बार्ज लोखंडाची, थोडं पाझरायचंच. केरू म्हणतो, नवी घागरसुद्धा पाझरते. नांगराचं म्हणशील तर नांगर आहे. तुझ्या आईला सांग, मच्छी खातो. काशीराम बांगडे देतात.

इथून खाडीचं तोंड दिसतं. तिथे चिखलात एक जुना ट्रॉलर कलंडून पडला आहे. काशीराम सांगत होते, अकरा वर्षं झाली. दरवर्षी त्याच्यावर नोटीस चिकटवतात, मालकाने येऊन बोट हलवावी म्हणून. आपली म्हणून जो पुढे येईल त्यालाच ती उचलावी लागेल, म्हणून कुणीच पुढे येत नाही. एका पावसात तो सुटला आणि बांधलेल्या होड्यांवर जाऊन आदळला. माणसं चिडली, पण भांडायचं कुणाशी? बेवारशी वस्तूला शिवी दिली तरी ती कुणाला लागत नाही.

भरती-सुकती बदलते तेव्हा बार्ज वळते. वळताना खालून कुणी दार ठोकावं तसा आवाज येतो. भरदुपारी येतो, म्हणून सांगतो, नाहीतर म्हणशील बाबांना झोपेत भास होतात. केरूला विचारलं, तो म्हणाला, ओंडका अडकला असेल.

अर्जाचं काय होतं ते कळव. घाई करू नका. कायद्याला वेळ लागतो.

तुझा,
बाबा


देवरुख
५ मे २०२५

बाबा,

काल कामासाठी संगमेश्वरला गेले होते. स्टँडवर केरूकाका दिसले. हातात भाजीची पिशवी होती. मला बघून ते वळले आणि दुसऱ्या बाजूने जायला लागले, तेव्हा मी धावत जाऊन त्यांना गाठलं. म्हटलं, बाबा कुठे आहेत? ते खाली बघत राहिले. म्हणाले, मी बारा तारखेलाच उतरलो गो, मला पोरं आहेत.

बारा एप्रिल. तुमचं पहिलं पत्र वीस तारखेचं आहे. चौदा तारखेला तुम्ही गुळाचा भात कुणाबरोबर खाल्लात? घागर पाझरते असं कोण म्हणालं? ओंडका अडकलाय असं तुम्हाला कुणी सांगितलं?

मी स्टँडवरच्या बाकावर बसून राहिले. दोन गाड्या सोडल्या. तुम्ही मला आणि आईला बरं वाटावं म्हणून लिहीत असाल, एवढंच असेल तर ठीक आहे. पण तुम्हाला खरोखरच तो तिथे दिसत असेल तर बाबा, आजच्या आज काशीरामकाकांच्या होडीत बसा. कागदाचं मी बघते.

अर्ज दाखल केला आहे. कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते आहे, तातडीचं काम बघणारे न्यायाधीश वीस तारखेला ऐकतील. आईला अजून काही सांगितलेलं नाही. तिला सांगायला मला तुमच्याकडून एक तरी खरं वाक्य हवं आहे.

स्नेहल


बार्जवरून
११ मे २०२५

चि. स्नेहल,
जय भीम.

केरूला दोष देऊ नकोस. मागच्या खणात पाणी आलं त्या दिवशी तो उतरला. त्याची कुठेच सही नव्हती, त्याला अडवायचं कुणी? जाताना मलाही चल म्हणाला होता. त्याने तांदूळ माझ्यासाठी ठेवले आणि पायातल्या चपलाही, माझ्या तुटल्या होत्या म्हणून.

तो नाही हे लिहिलं असतं तर तुझी आई जेवली नसती, म्हणून मी त्याला पत्रात ठेवून घेतला. पण तू खरं वाक्य मागितलंस, तर सांगतो. दोनदा त्याच्या नावाने लिहिलं आणि मग मी त्याला हाक मारायला लागलो. उत्तर येत नाही, एवढं मला कळतं. पण हाक मारल्याशिवाय खाली खणात उतरवत नाही.

आता बाकीचं. नांगर दोन होते, एकाची साखळी एप्रिलातच तुटली. मागच्या खणाच्या शिडीवर मी खडूने खुणा केल्या आहेत. महिन्यापूर्वी पाणी खालच्या पायरीवर होतं, आज पाचव्या पायरीवर आहे. शिडीला अकरा पायऱ्या आहेत. हातपंप मारतो, सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. पाणी हटत नाही, फक्त सावकाश वाढतं. तो आवाज ओंडक्याचा नाही. खणातलं एक रिकामं पिंप तरंगतं आणि पत्र्याला आपटतं. हे कळलं तेव्हा भीती कमी व्हायला हवी होती. उलट वाढली.

मग उतरत का नाही, असं विचारशील. तू लहान होतीस तेव्हाची गोष्ट. अंधेरीला एका गोदामावर होतो. दहा मिनिटं चहाला गेलो आणि तेवढ्यात कुलूप फुटलं. रजिस्टरवर त्या पाळीला माझं नाव होतं. चौकीत दोन दिवस बसवून ठेवलं. मारलं नाही फारसं. पण एक हवालदार सारखा तेच विचारत होता, नाव कुणाचं आहे? माझं, म्हटलं की परत विचारायचा. तुझ्या आईला मी गावच्या माणसाकडे अडकलो होतो असं सांगितलं. तेव्हापासून ज्या कागदावर माझं नाव आहे ते ठिकाण मी सोडलेलं नाही. समुद्राची भीती तीन महिन्यांची आहे, पोरी. त्या खोलीची वीस वर्षांची आहे.

उद्या बुद्धपौर्णिमा. तुझ्या आईला खीर करायला सांग. वीस तारखेला काय होतं ते बघू.

तुझा,
बाबा


देवरुख
२० मे २०२५, संध्याकाळ

ती. बाबा,
जय भीम.

हुकूम झाला. तुम्ही मोकळे झालात.

न्यायाधीशांनी सगळं ऐकून घेतलं. मालकातर्फे कुणी आलं नाही. मॅडमनी तुमच्या पायऱ्यांच्या खुणा वाचून दाखवल्या. हुकमाचा कागद सोबत आहे, वर शिक्का आहे, तुमचं नाव आहे आणि ‘मुक्त करण्यात येत आहे’ असं स्पष्ट लिहिलं आहे. तो नीट घडी करून खिशात ठेवा आणि काशीरामकाकांबरोबर लगेच उतरा. एका दिवसाचाही उशीर करू नका. इकडे आजच पाऊस सुरू झाला आहे, या वर्षी पंधरा दिवस आधीच. समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होतोय, रत्नागिरीच्याच बाजूला येईल म्हणतात. कुणीच जूनपर्यंत थांबणार नाही, होड्या आत्ताच वर ओढायला लागले आहेत.

हे पत्र मी रत्नागिरीच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती देते आहे, काशीरामकाका ते स्टँडवरून घेतील. आईला आज सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती अंगणातली लाकडं आत घेत राहिली.

उतरा, बाबा.

स्नेहल


बार्जवरून
२१ मे २०२५

चि. स्नेहल,
जय भीम.

हुकूम मिळाला. काशीराम शिडीला होडी लावून उभे आहेत, त्यांना थांबवून लिहितो आहे, म्हणून अक्षर वेडंवाकडं.

पानाच्या खाली ‘१/२’ असं छापलं आहे. शेवटची ओळ आहे, ‘खालील अटीस अधीन राहून’. खाली काही नाही. काशीरामांना विचारलं, पाकीट कुठे उघडलं होतं का. नाही म्हणाले.

दुसरं पान तुझ्याकडे आहे. त्यात काय असेल ते मला साधारण कळतं. कुणीतरी येऊन ताबा घेईल तेव्हा मी मोकळा, असंच असणार. आणि या वाऱ्यात कुणी येणार नाही.

तू हे का केलंस ते कळतं. पण आता माझं काम अवघड झालं. मी उतरलो आणि उद्या कुणी विचारलं की अट पाळली का, तर मला सांगावं लागेल की अट मला दिसलीच नाही. मग विचारतील, पान कुणी काढलं? मॅडमच्या ऑफिसात हुकमाच्या नकला कोण पाठवतं? तिथे तुझं नाव येईल. तुला त्या खोलीत बसवलेलं मला चालणार नाही. माझ्या नावाचं एक वेळ निभेल.

म्हणून मी उतरत नाही. पान परत पाठवतो, दुसऱ्याबरोबर जोडून फायलीत ठेव. काशीरामांना मी सांगितलं आहे, आता येऊ नका. त्यांनाही घर आहे. तांदूळ आहेत. पावसाचं पाणी धरता येईल. पाणी सातव्या पायरीवर आहे.

तुझ्या आईला सांभाळ.

बाबा


देवरुख
२२ मे २०२५

बाबा,

दुसरं पान सोबत आहे. तुम्ही ओळखलंत तसंच आहे. बार्जचा प्रत्यक्ष ताबा घेतल्यावरच तुम्ही मोकळे. ज्यांनी ताबा घ्यायचा त्यांच्या कार्यालयात मी स्वतः जाऊन विचारलं. ते म्हणाले, अशा हवेत लाँच निघणार नाही, पाऊस संपला की बघू. पाऊस संपला की, म्हणजे ऑक्टोबर.

पान मी काढलं, हे आज दुपारी मॅडमना सांगितलं. त्या खूप रागावल्या. मग त्यांनी दार लावलं आणि म्हणाल्या, जिवावर बेतलं असेल तर माणसाने आधी जीव वाचवावा, हे मी कुठल्याही न्यायाधीशासमोर उभी राहून सांगेन. पण हे तुझ्या बापाला पटवणं माझ्या हातात नाही. म्हणजे माझ्या नावाची भीती आता तुम्हाला नको. जे व्हायचं ते माझं झालं आहे.

मला बार्जवर न्या म्हणून काशीरामकाकांना फोन केला. ते दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांची बायको गोदाकाकी फोनवर आल्या आणि म्हणाल्या, पोरी, तू ये.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्या मीच घेऊन येते.

स्नेहल


गावी, बौद्धवाडी
१७ जून २०२५

चि. स्नेहल,
जय भीम.

काल कोर्टातून येऊन तुला फोन लावला आणि ‘सुटलो’ एवढंच म्हणून ठेवला. पुढचं फोनवर जमेना. महिनाभर त्या दिवसाबद्दल आपण बोललोच नाही, आणि काल मॅडमनी तुला कोर्टात येऊ दिलं नाही, त्यामुळे तुला काहीच ठाऊक नाही. म्हणून लिहितो.

तेवीस तारखेला सकाळी पाणी नवव्या पायरीवर होतं आणि बार्ज एका बाजूला कलली होती. डेकवर दोर धरल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं. मी पंप मारायचा सोडला होता. पावसात होडी दिसली तेव्हा मला वाटलं, जसा केरू तशीच ही पण. मग तुला बघितलं. तू गोदाकाकीचा रेनकोट घालून पुढे उभी होतीस. होडी लाटेवर माझ्या पायांपर्यंत वर यायची आणि पुरुषभर खाली जायची. काशीराम ओरडून सांगत होते, बस, खाली बस. तू बसली नाहीस. मी वरून हाताने खूण केली, परत जा. तू माझ्याकडे बघितलंस आणि दोरीच्या शिडीला हात घातलास.

तेव्हा काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. कागद, ती चौकी, तो हवालदार, काही उरलं नाही. तुझा हात शिडीवर होता आणि होडी खाली चालली होती. मी कठड्यावरून पाय टाकला. चार पायऱ्या उतरलो, पाचवी सापडली नाही. काशीरामांनी मला कमरेला धरून आत ओढलं तेव्हा मी तुझ्यावरच पडलो. किनाऱ्याला लागेपर्यंत तू माझी बाही सोडली नव्हतीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाऱ्याने बार्जची उरलेली साखळी तोडली. काळ्या खडकांवर ती मधोमध मोडली. काशीराम म्हणाले, मागचा भाग तासाभरात गेला. माझी झोपायची जागा मागच्या भागात होती.

मग समन्स आलं. ते येईपर्यंतचे दिवस तुला सांगितले नाहीत. वाडीत मोटारसायकल वाजली की मी मागच्या पडवीत जाऊन उभा राहायचो. तुझी आई पुढे जाऊन बघायची आणि आत येऊन म्हणायची, दूधवाला आहे.

काल मॅडमनी मला उत्तर पाठ करून दिलं होतं, जिवाला धोका, अपरिहार्य परिस्थिती वगैरे. सरकारी वकील म्हणाले, अट पूर्ण होण्याआधी यांनी बार्ज सोडली, आता मुद्देमाल खडकावर आहे, याला जबाबदार कोण? न्यायाधीशांनी मला विचारलं, “कुणाच्या परवानगीने उतरलात?”

पाठ केलेलं सगळं गेलं. मी म्हटलं, “साहेब, होडीत माझी मुलगी उभी होती. तिला पोहता येत नाही.”

त्यांनी लिहिता लिहिता वर बघितलं. “तुम्हाला येतं?”

“नाही, साहेब.”

“मग इतके दिवस तुम्ही तिथे होतात ते?”

मी म्हटलं, “माझी सही होती.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग सरकारी वकिलांना विचारलं, सही घेताना या माणसाला पोहता येतं का, हे कुणी विचारलं होतं का? पंचनाम्यात तसं कुठे नव्हतं. त्यांनी हुकूम सांगितला तो मला अर्धाच कळला. मॅडमनी बाहेर येऊन समजावलं. माझ्यावर काही ठपका नाही, मी सही केलेला सुपूर्तनामा रद्द. मोडलेली बार्ज आता टाकून दिलेली म्हणून धरायची, मालकाला शोधायचं, नाही सापडला तर सरकारने ती खडकावरून काढायची. ती कधी निघेल, मॅडमनाही सांगता आलं नाही.

तू पान काढलंस ते चूकच होतं. एकदा लिहून सांगतो, पुन्हा बोलणार नाही. आणि तू शिडीला हात घातलास, ती त्याहून मोठी चूक. मॅडमनी तुला कामावर ठेवून घेतलं आहे, आता तिथे मन लावून कर.

कोर्टातून सुटल्यावर मी हसत बाहेर येईन असं वाटलं होतं. तसं झालं नाही. एसटीत बसलो आणि गाडी सुरू झाल्याबरोबर खालून पाणी चढतंय असं वाटायला लागलं. संगमेश्वरला उतरलो तर स्टँडची फरशी हलत होती. खांब धरून उभा राहिलो. लोकांना वाटलं, प्यायलाय. अजून हलते, घरातसुद्धा. डॉक्टर म्हणतात, जाईल हळूहळू.

तुझ्या आईला हे सांगितलं नव्हतं, पण आज सकाळी मी अंगणात भिंत धरून चाललो होतो ते तिने बघितलं. तिने हातातली कोयती खाली ठेवली आणि येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. म्हणाली, भिंत कशाला धरता, मी आहे ना.

मग आम्ही विहिरीपर्यंत गेलो आणि परत आलो.

तुझा,
बाबा